जाळीची कडी बाहेरून

सोमवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता पिंपळवंडीचे तुळशीदास स्वतःच्या पडवीत अडकले. बिबट्या आत येऊ नये म्हणून पडवीला जाळी त्यांनीच मारली होती, दारही त्यांनीच बसवलं होतं. वाऱ्याने दार आपटलं आणि कडी आपल्या वजनाने खाली पडून अडकली. कडी बाहेरच्या बाजूला होती. घराला कुलूप होतं, किल्ली पत्नी अंजनाबाईंकडे होती आणि अंजनाबाई जुन्नरच्या बाजारात होत्या. मोबाईल घरात चार्जिंगला लावलेला होता.

तुळशीदास पोस्टातून निवृत्त झालेले. शिक्का कधी तिरका पडला नाही, असा त्यांचा लौकिक होता. हत्यारांशी संबंध मात्र स्टेपलरपुरताच आलेला. जाळीचं काम अंगावर येण्याचं कारण असं, की श्रावणात शेजारच्या चांगदेवचं कुत्रं बिबट्याने नेलं. गावातला बुद्धविहार अगदी उसाच्या कडेला असल्यामुळे वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, संध्याकाळच्या धम्मग्रंथाच्या वाचनाला बायका यायच्या बंद झाल्या. वाचन अंजनाबाई करत. मुलगा प्रबुद्ध पुण्याजवळ मोशीला राहतो. आईने आता आपल्याकडे चौथ्या मजल्यावर येऊन राहावं, असं त्याचं म्हणणं होतं. अंजनाबाईंनी नवरा आणि मुलगा दोघांनाही एकच सांगितलं. वाचन आपल्या पडवीत होत असेल तर मी इथे राहीन, नसेल तर मोशीला जाईन. मंगळवारचं आमंत्रण त्यांनी बायकांना देऊनही टाकलं.

चार अँगल आणि जाळी, त्यात काय एवढं, म्हणत तुळशीदासांनी वेल्डिंगचं मशीन भाड्याने आणलं आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून काम केलं. तिन्ही बाजू बऱ्या उतरल्या. दार त्यांनी अंगणात आडवं ठेवून जोडलं आणि वरच्या अंगाला कडी वेल्ड केली. दार उभं करून बिजागऱ्यांवर चढवलं, तेव्हा वरचं अंग बाहेर आलं. दार धरायला आलेल्या चांगदेवने ते लगेच दाखवलं. तुळशीदासांनी कडी मुद्दाम बाहेर घेतल्याचं सांगितलं. आत घेतली असती तर बिबट्याने पंजा घालून काढली असती, असा त्यांचा मुद्दा होता. पंजाच काय, बोटसुद्धा जाणार नाही इतकी बारीक जाळी निवडल्याचंही ते त्याच दमात सांगत. या दोन विधानांची सांगड त्यांनी कधी घातली नाही. बोट जात नाही, हे सोमवारी त्यांनी स्वतः बराच वेळ पडताळून पाहिलं.

अंधारायच्या सुमाराला चांगदेव वैरणीचा भारा घेऊन मोटारसायकलवरून आला. फाटकाशी थांबला. आधी कडीकडे पाहिलं, मग तुळशीदासांकडे.

"काय तात्या, आत बसलाय?"

"जाळी तपासतोय."

"तपासा, तपासा." चांगदेवने गाडी स्टँडवर लावली. "पन बकरी न्हाई बांधली? वनखात्याच्या पिंजऱ्यात बकरी आसती. नुसत्या पेन्शनरवर कोन येतंय."

कडी काढू का, असं त्याने विचारलं. घाई नाही, वारा कसा खेळतो ते पाहतोय, असं उत्तर मिळालं. त्यावर चांगदेवने कडी काढली नाही आणि तो गेलाही नाही. उजेड कमी होत होता. माणसाला एकटं टाकून जाणं त्याला बरं वाटेना आणि एवढी गंमत सोडून जाणंही. गाडीवर बसून तो वाऱ्याची चौकशी करत राहिला. तुळशीदास उत्तरं देत राहिले.

जीप रस्त्याला थांबली आणि अंजनाबाई काखेत दोन नव्या चटया घेऊन आल्या. चटया मंगळवारसाठी होत्या. त्यांनी पाहिलं, पण कडीला हात लावला नाही. तुळशीदासांनी वारा, कडीचं वजन आणि बिबट्याचा पंजा, सगळं क्रमाने समजावून सांगितलं. अंजनाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"उद्या बाया आत बसल्या, की कडी कोन लावनार?"

"मी लावीन की."

"कुठनं?"

"बाहेरनं."

"आन मग तुमी कुठं?"

पलीकडच्या उसात सळसळ झाली. ती वाऱ्याचीच होती, पण तिघांनीही तिकडे पाहिलं.

"गाडी देतो उभी करून," चांगदेव म्हणाला. "तिच्यावर बसून ऐका वाचन."

तुळशीदास जाळीजवळ आले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "दार आडवं ठून केलं, कडी उलट्या अंगाला गेली. बसवलं तवाच कळलं व्हतं मला."

या वाक्याची चांगदेव आठवडाभर वाट पाहत होता. ते आलं तेव्हा तो गाडीवरून खाली उतरला. अंजनाबाईंनी कडी काढली.

"येवढं म्हनायला कोंडून घ्यायला लागलं व्हय," म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मंगळवारी सकाळी तुळशीदासांनी चांगदेवला घेऊन कडी कापून काढली. कापताना जाळीही कापली गेली आणि हात जाईल एवढं भोक पडलं. ते गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा लावून बुजवलं. पत्र्यावरचं सूर्यफूल दर्शनी बाजूला आलं. कडी आतून बसली, पण ठोकाठोकीत दार खाली उतरलं आणि आता लावताना पायाने उचलावं लागतं. याला कुठलंही कारण त्यांनी दिलं नाही. संध्याकाळी बायका आल्या तेव्हा ते दाराशी उभे होते आणि येईल तिला दार कसं उचलायचं ते सांगत होते. त्यांच्यातल्या उज्ज्वलाने सूर्यफूल कशासाठी, म्हणून विचारलं.

"बिबट्याला शोभंचं आवडतं," चांगदेव म्हणाला.

"तिथं मी भोक पाडलंय," तुळशीदास म्हणाले.

वाचन झालं. दार आतून लावलेलं होतं आणि तुळशीदास चटईच्या कडेला बसले होते.

बुधवारी सकाळी पडवीच्या पायरीपाशी ओल्या मातीत ठसे दिसले. वनखात्याची माणसं येऊन फोटो काढून गेली. ठसे बिबट्याचे की मोठ्या कुत्र्याचे, हे त्यांनी अजून कळवलेलं नाही. बातमी मोशीला पोचायला मात्र वेळ लागला नाही. प्रबुद्धचा फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो, तू सामान भरून ठेव, असं तो आईला म्हणाला.

फोन तसाच कानाशी धरून अंजनाबाईंनी तुळशीदासांना विचारलं, "जाळी टिकंल का?"

आठ दिवसांपूर्वी याच प्रश्नावर त्यांनी हत्ती आणला तरी ढिम्म हलणार नाही, असं सांगितलं होतं. या वेळी ते उठले, दारापाशी गेले, बिजागरी हलवून पाहिली, खालची फट पाहिली. हो म्हटलं तर अंजनाबाई इथेच राहतील, हे त्यांना कळत होतं. चांगदेव फाटकाशी उभा होता.

"तीन बाजू टिकतील," तुळशीदास म्हणाले. "दाराचं मला सांगता यायचं न्हाई."

अंजनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग संध्याकाळी वाचन झालं की कळवते, असं प्रबुद्धला सांगून फोन ठेवला.

बुधवारचं वाचन वेळेवर सुरू झालं. कालच्यापेक्षा दोन बायका जास्त होत्या आणि दार उचलायला आता कुणाला सांगावं लागलं नाही. वाचन संपून बायका चांगदेवच्या बॅटरीच्या उजेडात घरोघर गेल्या. अंजनाबाईंनी चटया उद्यासाठी गुंडाळून ठेवल्या. प्रबुद्धला फोन अजून केलेला नाही.