क्रेट भरावी तशी भरलेली गादी

माझ्या लग्नात दादांनी दिलेली गादी सात वर्षांत कामातून गेली, हे खरं. पण त्या सात वर्षांत तिच्यावर एकही माणूस झोपला नव्हता, हेही तितकंच खरं. आमच्या घरात वस्तू वापरून खराब होत नाहीत, जपून खराब होतात.

दादा म्हणजे माझे वडील, चांगदेव. घोडेगावात स्टँडजवळ त्यांचं सीट बनवायचं दुकान आहे. डोंगरातल्या गावांकडे माणसं कोंबून जाणाऱ्या जीपगाड्या सीट फाटली की दादांच्या दारात उभ्या राहतात. अठ्ठ्याण्णव साली मला पिंपळवंडीत दिली, तेव्हा दादांनी महिनाभर रात्रीची जेवणं लांबवून ही गादी स्वतः बनवली. चांगला फोम, मरून रंगाची खोळ, कडेला पिवळी पायपिंग. टेम्पोत धूळ बसू नये म्हणून वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. तेच आमच्या मुळावर आलं.

माझ्या सासूबाई, प्रयागबाई, म्हणजे आत्याबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "पिलॅस्टिक काढू नका. धूळ बसंल, लेकरं मुततील, पावण्यारावळ्याला व्हईल." लेकरं तेव्हा नव्हतीच. पाहुणे आले तरी त्यांना इतक्या भारी गादीवर झोपायचा धीर होत नसे. मग पलंग रिकामा तरी कशाला ठेवा, म्हणून आधी त्यावर गव्हाचं पोतं आलं. जमिनीला ओल असते आणि उंदीर पलंगावर चढत नाहीत, हा आत्याबाईंचा शोध. मागोमाग बाजरीचं पोतं आलं आणि शेवटी माझ्या नवऱ्याच्या, सुदर्शनच्या, खताच्या दोन गोण्या आल्या. आम्ही सगळे खाली, आत्याबाईंनी शिवलेल्या गोधड्यांवर. पोती वर, फोमच्या गादीवर. मी बारावीपर्यंत शिकलेली, पण सासूपुढे मूग गिळून गप्प बसायला कुठल्याही शाळेत जावं लागत नाही.

दादांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीही पीत नाही. दादा वर्षातून दोनदा यायचे, ओट्यावर टेकायचे, पिशवीतून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि शेवटची एसटी चुकायच्या आत निघायचे. उंबऱ्याच्या आत म्हणून त्यांनी पाऊल टाकलं नाही. निघताना दर वेळी एकच विचारायचे, "झोप लागती का गं नीट?" मी म्हणायची, "लागती की." ते खूश होऊन जायचे. मला वाटायचं, बापानं काहीतरी विचारायचं म्हणून विचारतात.

सहाव्या वर्षी अक्षदा झाली. ही रीत सुटायला काहींच्यात मुलगाच लागतो, पण दादांनी निरोप धाडला, "नात आली, माजी तहान भागली." दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात अक्षदाचं जावळ काढायचं ठरलं आणि दादा दोन दिवस आधीच मुक्कामाला येणार असल्याचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा माझे वडील माझ्या घरी झोपणार होते. आणि झोपणार कुठे? पलंगावरच.

पोती खाली उतरवली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. गादीत चार खड्डे पडले होते. हात ठेवला तर थेट लाकूड लागत होतं. वरचं प्लॅस्टिक मात्र चकचकीत.

"आत्याबाई, दादांनी हे बघितलं तर त्यास्नी काय वाटंल?"

"आपण सांगू, लई वापरली."

"वापरून असे चौकोनी खड्डे पडत न्हाईत."

आत्याबाईंनी आधी दार लोटून घेतलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग सुदर्शनला म्हणाल्या, "सुदर्शन, आळेफाट्याला जाऊन नवा स्पंज आण. घोडेगावात इचारू नको, तितं सगळे पावण्याच्या वळखीचे."

सुदर्शननं दोन इंची फोमची मोठी शीट आणली. मोटारसायकलच्या मागे बांधलेली गुंडाळी वाटेत वाऱ्यानं सुटली आणि त्याच्या डोक्यावरून पुढे आली. तसाच तो गावातून आला. दोघांनी त्याला विचारलं की तंबू कुठे ठोकणार.

मी सीटवाल्याची लेक. लहानपणी दुकानात बसून फोमचे तुकडे वेचलेत. मला ठाऊक होतं की आधी खड्डे भरायचे आणि मगच वर नवा थर टाकायचा. मी तसं म्हटलंही. पण आमच्या घरी टोमॅटो पिकतात आणि नारायणगावच्या मार्केटला जातात, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट भरायची एकच रीत आत्याबाईंना ठाऊक.

"अगं, क्रेट भरतो तशी भर. पिचका माल खाली, चांगला माल वर. वरून कुणाला काय कळतंय?"

"व्यापाऱ्याला कळतं, आत्याबाई."

"पावणं काय व्यापारी हाईत?"

"व्यापारी न्हाईत, सीटवाले हाईत."

"मग तर बरंच. ते सीटा करतात, गाद्या न्हाई." दादा उद्या सकाळी येणार होते आणि पुरणाची डाळ अजून निवडायची होती. मी मान डोलावली. चूक माझीही आहे, ती मी झाकत नाही.

सुदर्शननं पंक्चरवाल्याकडून सोल्युशनचा डबा आणला, जुन्या फोमवर थापला आणि नवा थर चिकटवला. घरभर असा वास सुटला की आत्याबाईंनी ऊद जाळला. मग ऊद आणि सोल्युशन यांचा मिळून तिसराच वास झाला. पण खोळ चढवली, वर फुलाफुलांची चादर घातली आणि गादी नवरीसारखी दिसायला लागली. आत्याबाईंनी दारात उभं राहून तिच्याकडे समाधानानं पाहिलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या.

दादा अकराच्या एसटीनं आले. ओट्याशी क्षणभर थबकले, मग चपला काढून उंबरा ओलांडला. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि पुरता रिकामा करूनच खाली ठेवला. मिशा पुसत म्हणाले, "ग्वाड हाय गं तुमचं पाणी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण आत्याबाईंना तेवढा धीर कुठला?

"पावणं, तितं नगा बसू, पलंगावर बसा. तुमचीच गादी हाय."

दादा बसले. माझं सगळं लक्ष त्यांच्या हाताकडे. हात आधी चादरीवरून फिरला, मग थांबला. मग ते उठले, गुडघा टेकवून गादीवर भार दिला आणि कान लावावा तसे वाकले. मार्केटात व्यापारी वरचे लालभडक टोमॅटो बाजूला सारून क्रेटच्या तळाला हात घालतो, तेव्हा शेतकऱ्याचा चेहरा जसा होतो तसा सुदर्शनचा झाला होता.

"वर माल बरा लावलाय," दादा म्हणाले. "आता तळ बघू."

दादा कुठेही गेले तरी पिशवीत सुरी आणि दाभण असतंच. त्यांनी खोळ उतरवली आणि एका कडेनं नवा थर सोलला. उन्हाळ्यात ते सोल्युशन कसलं धरतंय, निम्मं आपोआप सुटलं. खालचे चार खड्डे उघडे पडले आणि त्यांच्याबरोबर आमचं पितळही.

दादांनी एका खड्ड्यात पंजा ठेवला. मग बाकीचे तीनही चाचपले.

"माणूस झोपला तर एक खड्डा खांद्याला पडतो, एक कमरेला. ही पोती हाईत." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आरते, तू झोपतीस कुठं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलायचं तर आता कुणापुढे? मी सांगितलं, "खाली. गोधडीवर."

"सात वर्सं?"

"सात वर्सं."

दादा पलंगाच्या काठावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "रीतीमुळं तुज्या घरचं पाणी पिता येत नव्हतं. म्हटलं, ऱ्हाऊ दे. निदान लेकीची पाठ रोज माज्या हातच्या कामावर टेकती. म्हणून तर इचारायचो, झोप लागती का."

दर वेळी ते काय विचारत होते ते मला तेव्हा कळलं. मी रडायला लागले. अक्षदा माझ्याकडे बघून रडायला लागली. सुदर्शन काही न सुचून म्हणाला, "मामा, च्या टाकू का?" त्यानं जन्मात कधी चहा केला नव्हता.

आत्याबाई मघाशीच चुलीपाशी सटकल्या होत्या. त्या बाहेर आल्या, पदर खोचला आणि दादांसमोर जमिनीवर बसल्या. त्यांना कुणाची माफी मागताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनाही सवय नव्हती, त्यामुळे त्या भांडल्यासारख्याच बोलल्या.

"पावणं, चूक माजी. पिलॅस्टिक मीच काढू दिलं न्हाई. आमी चांगली वस्तू कदी बघितली न्हाई, वापरायची कशी ते कुठनं ठावं असणार? पण एक सांगते. तुमची लेक गोधडीवर झोपली ती माज्या हाताच्या. सात लुगड्यांची हाय ती, माजी लग्नाची साडी बी हाय तिच्यात. तिला मी उगाच भुईवर न्हाई निजवली."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे पुसत मान हलवली. ते खरंच होतं. थंडीत आत्याबाई स्वतः फाटकी वाकळ घ्यायच्या आणि ती गोधडी माझ्यासाठी ठेवायच्या. मला त्यांचा राग यायचा तो पोत्यांवरून, गोधडीवरून कधीच नाही.

"आणा बघू ती गोधडी," दादा म्हणाले.

त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. उलटीसुलटी केली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. "मशीनवर केलं तरी इतकं सरळ येत न्हाई," ते म्हणाले. "व्याहीणबाई, असला धावता टाका फोमला घालाल का?"

"फोमला? फाटंल की तो."

"फोमला एकल्याला घातला तर फाटंल. फोमवर कापड असंल तर न्हाई फाटणार."

आत्याबाईंनी दाभण हातात घेतलं आणि तिथून पुढे दोन तास आमच्या घरात कुणाला जेवणाची आठवण झाली नाही.

दादांनी दबून मेलेला फोम चौकोनी कापून काढला. तो दुमडून दुहेरी केला, खाली नव्या शीटच्या उरलेल्या पट्ट्या घातल्या आणि एकेक खड्डा काठोकाठ भरला. सुदर्शनला त्यांनी तुकडे दाबून बघायच्या कामाला लावलं. "मामा, हितं थोडं कमी हाय," असं तो दर मिनिटाला सांगत होता. भरलेले तुकडे हलू नयेत म्हणून आत्याबाईंनी एक जुनी, पातळ झालेली गोधडी वर ताणून टाकली आणि कडेकडेनं टाके घातले. त्यावर नवा फोम आला. सोल्युशनचा डबा अक्षदाच्या हाताला लागू नये म्हणून फळीवर गेला.

"खाली पक्कं, वर मऊ," दादा सुदर्शनला समजावत होते. "वजन तळाला घ्यायचं असतं, जावईबापू. गादी काय मार्केटला न्यायचीय व्हय?"

सुदर्शन इतका हसला की त्याचा हात सुटला आणि कापलेली पट्टी वाकडी झाली.

खोळ चढवली. प्लॅस्टिक अक्षदानं आधीच दातांनी फाडून ठेवलं होतं. आत्याबाईंनी ते हळूच उचललं, घडी घातली आणि माझ्याशी नजरानजर झाल्यावर म्हणाल्या, "बाजरीच्या पोत्यावर टाकायला व्हईल."

"आता पडून बघायला पायजे," दादा म्हणाले. "पडायचं तर दमलेल्या माणसानं. व्याहीणबाई, तुमी."

"मी? अगंबाई! मी भरदुपारी पलंगावर?" आत्याबाईंना दिवसा आडवं झालेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बाळंतपणातही तिसऱ्या दिवशी त्या पाणी शेंदायला गेल्याचं गावातल्या बाया सांगतात. पण व्याह्यांचा शब्द मोडायचा कसा? "नुसती टेकते हां," म्हणत त्या काठाला बसल्या, मग कलंडल्या. "मऊ हाय की. खाली लागत न्हाई. खांदा बी..."

खांद्याचं काय झालं ते आम्हाला कळलंच नाही. आत्याबाई घोरायला लागल्या होत्या.

आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. पुरणाचा वास येत होता, ताटं मांडायची होती, दादा सकाळपासून नुसत्या पाण्यावर होते. मी आत्याबाईंना हाक मारायला पुढे झाले, तर दादांनी मला हातानं मागे ओढलं.

"उठवू नको गं. सात वर्सांनी गादीला गिऱ्हाईक मिळालं."

"पण दादा, पलंग तर तुमच्यासाठी केला होता. आता तुमी कुठं झोपणार?"

दादांनी कोपऱ्यातली सात लुगड्यांची गोधडी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"तू झोपतीस ना, तितंच टाक."

मी भिंतीकडच्या माझ्या जागेवर गोधडी अंथरली. दादा तिच्यावर आडवे झाले, पाठीखालून एकदा हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हां. लागत असंल झोप."