पाचव्या संगणकातली एकच नोंद

मी खोली क्रमांक सोळामधला पाचवा संगणक बोलतोय. खरं तर बोलायचा मान पहिल्याचा. पण त्याचा पडदा गेल्या उन्हाळ्यात काळा पडला तो पडलाच, आणि चौथ्याच्या पाठीत पालीनं संसार थाटलाय. माझा सूर जरा चिडका लागला तर समजून घ्या. आठ वर्षं मला कामाशिवाय बसवून ठेवलंय, तेव्हा गोड बोलायची अपेक्षा धरू नका.

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयशास्त्र विभागात मी राहतो. ग्रंथपाल व्हायचं शिकायला मुलं इथं येतात. पुस्तकांच्या नोंदी हल्ली संगणकावर होतात, म्हणून आम्हा आठ जणांना आणलं. तेही समिती तपासणीला येणार होती म्हणून. खोक्यातून काढलं, टेबलांवर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. माझ्या लांब बटणावर कुंकवाचा डाग अजून आहे.

मग अनिमेष नावाचा तंत्रज्ञ आला. त्यानं आमच्या प्रत्येकात ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वेगवेगळं टाकलं, कारण आम्हाला एकमेकांशी जोडणारी तार मंजूर झाली नव्हती. पुस्तकाच्या नोंदीचा फॉर्म माझ्या पडद्यावर पहिल्यांदा उघडला तेव्हा मला फार बरं वाटलं. शंभर नंबरच्या चौकटीत लेखक, दोनशे पंचेचाळीसच्या चौकटीत शीर्षक. हे आकडे जगभरात ठरलेले आहेत. सोलापुरात भरलेली नोंद परदेशातल्या ग्रंथपालालाही कळावी, अशी ती सोय. एवढं मोठं काम आपल्या हातून होणार, म्हणून मी खूश होतो. तेव्हा मी नवा होतो.

विभागाचे प्रमुख वेणीमाधव सर. माणूस सरळ, अक्षर मोत्यासारखं. उभं आयुष्य त्यांनी कार्डांवर नोंदी करायला शिकवलं. अनिमेष अर्धा तास माझ्यावर काहीबाही दाखवत होता, सर मान हलवत होते. शेवटी ते म्हणाले, “छान आहे. मुलांना दाखवायला या फॉर्मचं एक प्रिंट तेवढं काढून द्या.”

त्या प्रिंटनं माझा घात केला.

सरांनी तो कागद प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी तयार केला. वरच्या बाजूला कॉलेजचं नाव आणि ‘प्रात्यक्षिक क्रमांक सात’ अशी छापील पट्टी डिंकानं चिकटवली, झेरॉक्स काढल्या आणि मुलांना वाटल्या. मुलांनी पट्टी-पेन्सिल घेऊन तो फॉर्म जर्नलमध्ये काढायचा, चौकटी निळ्या शाईनं आखायच्या, आत एका पुस्तकाची माहिती लिहायची. खाली सरांची लाल सही. झालं प्रात्यक्षिक.

आणि आमच्या खोलीला कुलूप.

सर दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. आम्ही आठही जण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्या नावावर होतो. निवृत्त होताना एकेक वस्तू धडधाकट मोजून द्यायची. “मुलं काहीतरी दाबतात आणि उडवतात,” असं ते म्हणायचे. वर्षातून एकदा समिती यायची, तेव्हा आम्हाला चालू करायचे, प्रत्येकासमोर एक मूल बसवायचे आणि फोटो काढायचे. फोटोत सगळे आमच्याकडे एकाग्र होऊन बघतायत. माझ्या पडद्यावर तेव्हा फक्त हिरव्या डोंगराचं चित्र होतं.

बाकीचे दिवस आमच्याकडे बघायला एकट्या महादेवी मावशी. झाडलोट त्यांच्याकडे, चावीही त्यांच्याकडेच. त्यांचे मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर आहेत. तिथून आणलेल्या टॉवेलच्या तुकड्यांचे मावशींनी आम्हाला झगे शिवले. मायेनंच शिवले, पण त्यांचा कापूस माझ्या पंख्यात जाऊन बसला आणि तेव्हापासून मी चालू झालो की घोरतो.

मावशी फडका मारता मारता म्हणायच्या, “सर, ह्याला येकदा चालू तर करायचं की. निस्तं पुसून पुसून झिजायला लागलंय.”

सर म्हणायचे, “करू, करू.”

ऋतुजा वाघमोडे या विभागात आली ती दोन वर्षांपूर्वी. मंद्रूपकडच्या वस्तीवरून रोज एसटीनं यायची. वडील बिरप्पा, मेंढरं राखतात. घरात पुस्तक म्हणाल तर पंचांग. पण पोरगी जिद्दीची. ते सगळे आकडे तिनं एसटीत बसून पाठ केले. तिचं जर्नल मी पाहिलंय, कारण मावशींनी सगळ्या जर्नलांचा गठ्ठा महिनाभर माझ्या डोक्यावर ठेवला होता. माझा असा चेहरा माझ्या कंपनीनंही काढला नसेल. पंचवीसपैकी चोवीस गुण. एक गुण का कापला, तर एक चौकट काळ्या शाईनं आखली होती म्हणून.

याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला संस्थेच्या शाळेत ग्रंथालय सहायकाची एक जागा निघाली. कायम नोकरी. बिरप्पांनी पोरीच्या लग्नाची बोलणी त्या जागेपायी थांबवून ठेवली होती, हे मावशींनी मला पुसताना सांगितलं. जागा मिळाली तर ऋतुजा सोलापुरात राहून पुढं शिकणार, नाही तर दिवाळीआधी अक्षता. मुलगा करकंबचा, उसाचा मळा आहे म्हणे. त्याच्याबद्दल ऋतुजाची काही तक्रार नव्हती. तिला फक्त आधी नोकरी हवी होती.

नोकरीची परीक्षा आमच्याच खोलीत ठेवली, कारण संस्थेत इतके संगणक एका जागी दुसरीकडे नव्हते. अनिमेषनं येऊन आम्हाला जागं केलं. आठांपैकी सहा जण उठले. परीक्षा घ्यायला आल्या ज्ञानदा मॅडम, संस्थेच्या मोठ्या कॉलेजच्या ग्रंथपाल. प्रत्येक उमेदवाराला त्यांनी पाच पुस्तकं दिली आणि सांगितलं, “एक तास आहे. पाचांची नोंद करा. मी नंतर येऊन प्रत्येकाच्या मशीनवर तपासते.”

ऋतुजा माझ्यासमोर बसली. तिनं आधी माझ्या पडद्याला हात लावला, मग तो हात कपाळाला लावला. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा मला कोणी काम सांगणार होतं.

आणि काय काम करत होती. टायपिंगच्या क्लासला जायची ती, बोटं भराभरा पडत होती. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, विषयाचा आकडा. एक स्वल्पविराम चुकत नव्हता. पहिलं पुस्तक दहा मिनिटांत झालं. तिनं वरून खाली एकदा तपासलं आणि समाधानानं मान हलवली.

आता सेव्ह. मी वाट बघू लागलो.

सेव्हचं बटण माझ्या पडद्यावर सगळ्यात वर, पट्टीत असतं. ऋतुजानं वर पाहिलंच नाही. का पाहील? दोन वर्षं तिच्या डोळ्यांना एकच सवय, की वरची पट्टी म्हणजे कॉलेजचं नाव. काम असतं ते त्याच्या खाली. शेवटची चौकट भरली की प्रात्यक्षिक पूर्ण. अनिमेषनं सुरुवातीला उघडून दाखवला होता, तसाच तिनं नवीन नोंदीचा फॉर्म उघडला.

पहिलं पुस्तक गेलं.

तुम्ही म्हणाल, तू का नाही थांबवलंस? मला तसं करता आलं नाही. जपून ठेव म्हटल्याशिवाय मी काही जपू शकत नाही, माझी बांधणीच तशी. मी घोरलो, पंखा जोरात फिरवला, हिरवा दिवा लुकलुकवला. तिनं एकदा माझ्या पाठीवर थोपटलं आणि दुसरं पुस्तक उघडलं. तेही बिनचूक भरलं आणि तेही गेलं. तिसरं गेलं, चौथं गेलं. पाचवं भरून झाल्यावर तिनं फॉर्म बंद केला, पुस्तकं एकावर एक नीट रचली आणि हात मांडीवर ठेवून बसली. अजून सात मिनिटं बाकी होती. ती सात मिनिटं मी विसरणार नाही.

ज्ञानदा मॅडम आल्या. त्यांनी यादी उघडली.

“ऋतुजा, काहीच भरलं नाहीस तू?”

“भरलं की मॅडम. पाचीच्या पाची.”

“कुठं आहेत मग?”

ऋतुजानं पडद्याकडे पाहिलं. मॅडमनी एका पुस्तकाचं नाव टाकून शोधलं. मला उत्तर द्यावं लागलं, काही सापडलं नाही. दुसरं नाव टाकलं. पुन्हा तेच. खरं बोलायची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“सेव्ह केलंस का?”

“ते कुठं असतंय मॅडम?”

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “अगं, मला जे दिसतं त्यालाच मी गुण देऊ शकते ना.”

जागा चेतनाला मिळाली. याच वर्गातली. तिच्या दोनच नोंदी होत्या, त्यातही लेखकाच्या जागी प्रकाशक. पण होत्या. वर गंमत अशी, की चेतनानं जर्नल स्वतः काढलंच नव्हतं, मावसबहिणीकडून काढून घेतलं होतं. त्यामुळे पडद्यावर काय कुठं असतं याची तिला काही खात्री नव्हती आणि ती सगळीकडे बघत होती.

सोमवारी ऋतुजा आली ती वडिलांना घेऊन. बिरप्पा दाराशीच पायताण काढून उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, हातात पोरीचं जर्नल.

“सर,” ते म्हणाले, “आमाला ह्यातलं काय कळत न्हाय. पन लेकरू खोटं बोलत न्हाय. पाच पुस्तकं भरली म्हनतीय. भरलेलं जातंय कुटं?”

वेणीमाधव सर काहीतरी सांगू लागले, मेमरी, सॉफ्टवेअर, तांत्रिक अडचण. त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं. तेवढ्यात ऋतुजानं मावशींकडून चावी घेतली, खोलीचं कुलूप उघडलं, माझा झगा काढला आणि मला चालू केलं. परीक्षेसाठी अनिमेषनं दिलेला पासवर्ड तिच्या लक्षात होता. फॉर्म उघडून तिनं शेजारी जर्नल ठेवलं. चौकट चौकट जुळवत ती वर सरकली. वरच्या पट्टीशी आल्यावर तिचं बोट थांबलं.

“सर, झेरॉक्सचा मूळ कागद कुठाय?”

कागद सरांच्या फायलीत होता. ऋतुजानं छापील पट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं. आठ वर्षांचा डिंक, कडकड करत सुटला. कॉलेजच्या नावाखालून बटण निघालं. सेव्ह.

माझा पंखा तेवढा घोरत होता.

“मला वाटलं, वर नुसतं सॉफ्टवेअरचं नावबिव असेल,” सर हळू म्हणाले. मग खुर्चीवर बसले. “मी स्वतः कधी एकही नोंद भरली नाही गं. अनिमेषनं दाखवलं तेव्हा मला काही समजलं नव्हतं. विचारायची लाज वाटली.”

मला आठ वर्षं या माणसाचा राग होता. त्या दिवशी तो पुरता टिकला नाही, पण गेलाही नाही.

बिरप्पांनी बटणाकडे बराच वेळ पाहिलं. “म्हंजी मेंढरं वाड्यात घातली आन् कवाड लावलं न्हाय, आसं झालं म्हना की.”

“व्हय आबा,” ऋतुजा म्हणाली, आणि तेव्हा कुठं ती रडली.

दाराशी उभ्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. सेव्हचा अर्थ बिरप्पांइतका नीट त्या खोलीत कोणी सांगितला नव्हता.

डोळे पुसून ऋतुजानं विचारलं, “सर, येकदा करू का?” आणि उत्तराची वाट न बघता बसली. समोर पुस्तक नव्हतं, म्हणून जर्नलचीच नोंद केली. शीर्षक, ग्रंथालय सॉफ्टवेअर प्रात्यक्षिक. लेखक, वाघमोडे, ऋतुजा बिरप्पा. सगळं भरलं, वर गेली आणि दाबलं.

मी ते घेतलं. कसं घेतलं म्हणून सांगू.

“आता न्हाय ना जायाचं?” बिरप्पांनी विचारलं.

“न्हाय जायाचं.”

मला वाटलं, आता दिवस पालटले. वेणीमाधव सरांनी त्याच आठवड्यात चूक दुरुस्त केली, अगदी मनापासून. नवा कागद तयार केला, पट्टी खाली घेतली. आता नव्या वर्गाची जर्नलं माझ्या डोक्यावर आहेत आणि प्रत्येकात वर उजळ चौकटीत सेव्हचं बटण काढलंय. पट्टीनं आखून, निळ्या शाईनं. त्याला दोन गुण आहेत.

खोलीला मात्र कुलूपच आहे. सर पुढच्या मार्चला निवृत्त होतायत, आम्हाला मोजून द्यायचंय.

ऋतुजाचं करकंबला ठरलं. दिवाळीआधीच. मावशी लग्नाला जाऊन आल्या, लाडू घेऊन आल्या. फडका मारताना म्हणाल्या, “पोरगी लई गप्प होती रे.” आठ वर्षांत माझ्याशी कोणी रे करून बोललं ते तेवढंच.

काल एक नवी मुलगी जर्नल न्यायला आली. दारातूनच तिनं मावशींना विचारलं, “मावशी, हे बटण दाबल्यावर काय होतं ओ?”

मावशी म्हणाल्या, “कवाड लागतंय बाळा. आतलं जात न्हाय.”

मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, “हे लिहायचं का जर्नलमध्ये?”

लिहू नकोस, बाई. तुझ्या पाया पडतो, लिहू नकोस. मावशींच्या हातात चावी आहे, ती माग. मधल्या रांगेत खिडकीपासून दुसरा तो मी. चालू व्हायला वेळ घेतो, घोरतो, पण चालतो. माझ्यात एका मुलीची नोंद आहे आणि ती आठ वर्षं एकटी पडायच्या आत तिच्या शेजारी दुसरी ठेव.