चारीच्या तोंडची मोजपट्टी

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीची मी थोरली बहीण. पांढऱ्या अंगावर काळे आकडे आणि गंजाचे दोन डाग, तेही आता माझेच. अंबडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मग वणीच्या वाटेवर, कालव्यातून चारी फुटते तिथे, मला भिंतीला पक्कं ठोकलं. तेव्हापासून माझं एकच काम: चारीत किती पाणी शिरलं ते सांगायचं.

एकच काम म्हणून हसू नका. माझी मालकीणही तशीच आहे. तिचं नाव पाणी वापर संस्था. ग्रामपंचायत दिवे बघते, रस्ते बघते, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवते. आमची संस्था फक्त शेताचं पाणी बघते. गावाची शीवही ती मानत नाही. चारी तीन गावांतून जाते, म्हणून तिन्ही गावांतले चारीवरचे शेतकरी तिचे सभासद. तेच आपल्यातून संचालक निवडतात. काही तोंडाकडचे, काही मधले, काही शेवटचे. नाहीतर वाहत्या गंगेत एकटेच कुणी हात धुऊन घ्यायचे! सरकारी खातं माझ्यावरचा आकडा बघून पाणी देतं, पुढची वाटणी संस्थेची. पहिलं पाणी टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेताला. मग एकेक शेत भिजवत तोंडाकडे यायचं.

संस्था नव्हती तेव्हा टेलला चिखलसुद्धा पोचत नसे. गोजराबाईला ते दिवस चांगले आठवतात. तिचा झेंडूचा मळा अगदी शेवटी आहे आणि टेलची संचालकही तीच. पाणी सोडायचं-बांधायचं काम संस्थेने नेमलेल्या खलील पाटकऱ्याचं. दर आवर्तनाआधी, म्हणजे पाण्याच्या पाळीआधी, तो ओल्या फडक्याने माझं तोंड पुसतो. एवढी आठवण माझी दुसरं कुणी ठेवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाणी सुटलं तेव्हा गोजराबाईने इथेच, माझ्यापाशी पूजा केली. स्वतःच्या मळ्यातल्या झेंडूच्या दोन जाडजूड माळा, एक हिरवी साडी आणि नारळ तिने पाण्यात सोडला. पाण्याने तिचं घर उभं केलं होतं, तिने हात जोडले. माझेही डोळे भरून आले, पण पाण्यात उभी असल्याने कुणाला कळलं नाही.

खलीलने चारीच्या तोंडचं गेट फिरवलं आणि माझ्यावर तीसचा आकडा येताच हात थांबवला. रोज तो तीस राखत होता. पण तीन दिवस झाले तरी टेलला घोटाभरही पाणी पोचेना. वणीची चैत्रातली यात्रा तोंडावर आली होती आणि गोजराबाईचा झेंडू माना टाकायला लागला होता.

संस्थेचे चेअरमन पुंजाराम स्वतः येऊन मला बघून गेले. पट्टी तीस दाखवते, म्हणजे मधेच कुणीतरी पाणी पितंय. मधल्या टप्प्यात खलीलचं अर्धा एकर घासाचं रान हिरवंगार होतं. ते त्याच्या विहिरीवर होतं, पण विचारतो कोण? कुंपणच शेत खातं, असं चहाच्या टपरीवर बोलणं सुरू झालं. खलीलला काढण्यासाठी सोमवारी सभा ठरली. तक्रारीवर पहिली सही गोजराबाईची होती.

मी तीसच दाखवत होते, खोटं मला येत नाही. पण पाणी नेहमीसारखं पळत नव्हतं, माझ्यापाशी रेंगाळत होतं. ते मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. मित्रांनो, इतकी असहाय मी कधीच झाले नव्हते.

सोमवारी सकाळी खलील गोजराबाईच्या मळ्यात गेला. त्याचं बोलणं नंतर गावभर झालं, म्हणून मलाही कळलं. "मावशी, काढायचं तर काढा. पन आधी माझ्यासंगं टेलपासून वर चाला. एक जरी दार चोरून उघडं दिसलं, तर किल्ल्या तुमच्या हातात देतो."

दोघं चालत निघाले. चारीतून शेतांत पाणी सोडायची दारं सगळी जागच्या जागी बंद होती. दुपारी ते माझ्यापुढे आले. गोजराबाईने तीसचा आकडा वाचला आणि तोंड फिरवलं. खलीलने मात्र पाण्यात एक पान टाकलं. ते नुसतं गोल फिरत राहिलं.

तो पाण्यात उतरला आणि माझ्या पुढे चारी आवळत जाते त्या अरुंद गळ्यात त्याने खांद्यापर्यंत हात घातला. आधी नारळ निघाला. मग कुजक्या माळा, मग बाभळीच्या काट्यांत गुंतलेली हिरवी साडी. गळा मोकळा झाला, तुंबलेलं पाणी धावत सुटलं, आणि बघता बघता मी तिसावरून एकोणिसावर आले. म्हणजे इतके दिवस माझ्यावरचे तीस तुंबलेल्या पाण्याचे होते; खरं पाणी पुढे एकोणिसाएवढंही जात नव्हतं.

गोजराबाईने साडीचा पदर हातात घेतला. "खलील, हे माझ्याच हातचं हाय. आन् चोर मी तुला म्हनले."

"तुम्ही पान्याला मायेनं दिलं, मावशी," खलील म्हणाला आणि खरे तीस भरेपर्यंत गेट फिरवत राहिला.

सभेत गोजराबाई सगळ्यांच्या आधी उठली आणि ओली साडी टेबलावर ठेवून तिने सारं सांगितलं. पुंजारामांनी खलीलची माफी मागितली. पूजा काठावर करायची, पाण्यात काही सोडायचं नाही, असा ठराव झाला. झेंडूचा अर्धा मळा वाचला आणि तेवढी फुलं यात्रेला गेली.

मित्रांनो, माझा आकडा जरूर वाचा. पण तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका; आधी शेवटच्या शेतापर्यंत चालून या. माझं म्हणाल, तर खलील फडकं घेऊन येतो, मी सुखी आहे. आता पाणी सुटण्याआधी तो गळ्यात हात घालतो आणि रिकामा पंजा वर करून दाखवतो. तो पाहिल्याशिवाय गोजराबाई नारळ फोडत नाही, आणि पहिलं खोबरं त्याच पंजावर ठेवते.