विमान जाईपर्यंत

त्या घरात बोलण्याचा एक नियम होता. विमान आलं की थांबायचं, आणि विमान गेलं की जिथे थांबलो त्याच शब्दापासून पुढे बोलायचं. मागचं पुन्हा सांगायचं नाही आणि "कुठे होतो मी?" असं तर अजिबात विचारायचं नाही. जो विचारेल, त्या दिवशी भांडी त्याची.

नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं. केला असेल तर विमानतळानेच. शहराच्या ऐन मध्यात, पाण्यात जीभ बाहेर काढून बसल्यासारखी ती छोटीशी धावपट्टी होती, आणि तिच्यावर पंख्याची विमानं उतरायची. धावपट्टी आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा, अलीकडे होडीचा धक्का, धक्क्यासमोर बाबांचं सलून आणि सलूनच्या डोक्यावर घर. विमान यायला लागलं की आधी काचेच्या पेल्यातले कंगवे किणकिणायचे, मग आरसा थरथरायचा, मग बाबा गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून हवेत धरायचे. गिऱ्हाईक अर्ध्या फेसात, बाबा अर्ध्या विनोदात. विमान गेलं की वस्तरा परत गालावर आणि विनोद परत रुळावर.

धाकटीला घरात नावाने कुणी हाक मारतच नसे. ती भोंगा. लहानपणी तिला तो नियम मुळीच मान्य नव्हता. विमान आलं की थांबायचं सोडून ती आवाज चढवायची, लाल होईपर्यंत. ताईने ठेवलेलं नाव, चिकटलं ते चिकटलं. मधली काही वर्षं शाळेत या भोंग्याचा आवाज पार बसला होता. वर्गात उभं राहायचं म्हटलं की जीभ टाळ्याला! पण या वर्षी बाईंनी तिला वादविवादात ढकललं काय आणि ती ढाल घेऊन घरी आली काय. तेव्हापासून जगातल्या यच्चयावत विषयांवर तिला मत होतं, आणि ते ऐकवायला फक्त समोर कान हवे होते.

"हिला कुणीतरी धावपट्टीवर नेऊन उभी करा," आई म्हणायची. "विमानंच थांबतील हिच्यासाठी."

बातमी आली ती सलूनच्या खुर्चीत बसून. मिशीवाले कप्तान, म्हणजे पंख्याचं विमान चालवणारे बाबांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, मान वाकवून बसले होते आणि गळ्याभोवतीच्या कापडाखालून बोलत होते.

"महापालिका फेरविचार करतेय, कळलं का? इतकी वर्षं इथे जेटला बंदी होती, ती उठवायची का, यावर समिती बसलीय. धावपट्टी दोन्ही टोकांनी पाण्यात वाढवणार. शनिवारी सगळ्यांचं म्हणणं ऐकणार आहेत."

"जेट म्हणजे कानठळ्या," बाबा म्हणाले.

"असू देत ना. काठावरच्या घरांना फुकटात दुहेरी काचा बसवून देणार. विमान कधी आलं, कधी गेलं, कळणारसुद्धा नाही तुम्हाला."

"मग माझा वस्तरा थांबायचा कधी?"

"थांबतो कशाला? दाढ्या पटापट होतील. गल्ला वाढेल."

बाबा हसले, पण हसणं मिशीवाल्यांच्या मिशीपर्यंतही पोचलं नाही. भोंगा बाकावर गृहपाठ करत होती, म्हणजे वही मांडीवर होती. तिने मान वर केली.

"काका, जेट इथून कुठपर्यंत जाईल? ताईच्या शहरापर्यंत?"

"आरामात. एका दमात. वाटेत उतरायलाच नको."

बाबांची कात्री थांबली. विमान आलेलं नव्हतं.

ताई त्या शहरात जाऊन दोन वर्षं होत आली होती. मोठ्या विमानतळावर जेटची इंजिनं तपासायचं काम करायची. विमानांचं वेड तिला घरच्या गॅलरीनेच लावलं होतं. दोघी बहिणी कठड्याच्या गजांतून पाय बाहेर सोडून बसायच्या आणि विमान दिसायच्या आधी नुसत्या घरघरीवरून ओळखायच्या, चार पात्यांचं की सहा. ताई कधी चुकायची नाही. भोंगा कधी बरोबर यायची नाही, पण ओरडायची मात्र आधी.

गॅलरीतला नियम घरातल्या नियमाच्या बरोबर उलटा होता. तिथे विमान आलं की बोलायचं, आणि विमानाखाली बोललेलं बोललंच नाही असं धरायचं. पोटात असेल ते सगळं तेव्हा ओरडून मोकळं व्हायचं. "गणितात नापास झालेय!" ताई ओरडायची. "तुझी निळी पेन्सिल मीच हरवली!" भोंगा ओरडायची. विमान गेलं की दोघी मुकाट पाय हलवत बसायच्या, पोट एकदम हलकं. त्या पेन्सिलीबद्दल ताईने आजतागायत एक शब्द काढलेला नाही.

बाबा गॅलरीत बसायचे नाहीत, पण खरे उस्ताद तेच. ते चिडले की त्यांची नजर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. संध्याकाळचं विमान यायच्या बेतात असलं की ते वाक्य सुरू करायचे, आणि त्यातला सगळ्यात जहरी शेपटाचा भाग बरोबर विमानाच्या पोटात जायचा. "तुझ्या भावाला जरा सांग, पुढच्या वेळी आला तर—" घर्रर्र. पुढे काय म्हणाले ते आईला कधीच कळलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही. विमान जाईपर्यंत बाबांचा पारा उतरलेला असायचा आणि तेच चहा टाकायला उठायचे. "या विमानांनी माझा संसार टिकवलाय," आई शेजारणींना सांगायची.

मग तो धुक्याचा दिवस आला. सकाळपासून समोरचं पाणीसुद्धा दिसत नव्हतं. ताईला नोकरीचं पत्र आलेलं होतं, आणि जायचं की नाही यावरून दुपारपासून बापलेकीची जुंपली होती. "इथे विमानं नाहीत का?" बाबा. "इथे जेट नाहीत," ताई. "जेट, जेट! घर काही नाही?" "घर कुठे पळून चाललंय का, बाबा?" दोघंही एकाच मुशीतले, कोण माघार घेणार? बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळच्या विमानाची वेळ झालीच होती. सवयीने त्यांनी वाक्य सुरू केलं.

"एवढीच घाई असेल तर जा, आणि पुन्हा या घराचं दार वाजवू नकोस."

विमान आलंच नाही. धुक्यामुळे विमानतळ बंद होता, आणि रागाच्या भरात ते बाबांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. वाक्य अख्खंच्या अख्खं बाहेर पडलं आणि खोलीत उभं राहिलं. भोंगाला आजही आठवतं, ते संपल्यावर बाबांनी खिडकीकडे पाहिलं होतं, कुणीतरी शब्द देऊन न आल्यासारखं.

ताई चार दिवसांनी गेली. फोन यायचे, आईला आणि भोंगाला. "ये ना गं," म्हटलं की ठरलेलं उत्तर: दोन ठिकाणी विमान बदलावं लागतं, तेवढी रजा मिळत नाही. भोंगाने ते उत्तर खरं मानलं होतं. खरं मानणं सोपं होतं. विमान बदलण्यावर उपाय असतो.

आणि आता तो चालून आला होता! तिने त्याच दिवशी ताईला फोन लावला.

"ताई, जेट येणार! मी शनिवारी बोलणार समितीसमोर. नाव दिलं पण. एका दमात येशील तू, ना बदलाबदली ना काही."

पलीकडून कसलीतरी खडखड ऐकू आली, मग ताईचा आवाज. "बोल की. मस्त बोलशील तू."

"मग? येशील ना?"

"भोंग्या, विमान बदलायचा मला कंटाळा आहे असं वाटतं तुला? मी दिवसभर विमानातच असते."

"म्हणजे?"

"काही नाही. नीट जेव. आईला फोन दे."

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. पंखे बंद पडलेले, म्हणून पाण्याकडच्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकलेल्या. मधल्या टेबलावर काठाची छोटी प्रतिकृती मांडली होती: निळ्या काचेचं पाणी, लांबलचक धावपट्टी, तिच्यावर नखाएवढी जेट. भोंगाने आधी आपलं घर शोधलं. धक्का होता, रस्ता होता. सलूनच्या जागी स्पंजचं एक हिरवंगार झाड होतं. झाड छान होतं हो, पण घर कुठे होतं?

आई पहिल्या रांगेत बसली होती. बाबा "मला गिऱ्हाईक आहे" म्हणून आलेच नव्हते.

हॉटेलवाले बोलले: प्रवासी वाढतील, पोरांना कामं मिळतील. रोज धक्क्याच्या पायऱ्यांवरून पोहायला उतरणाऱ्या एक आजी बोलल्या: "धावपट्टी वाढवाल तिथेच माझं पाणी आहे. मी काय आता स्पंजवर पोहू?" हशा पिकला. अध्यक्षबाई शहराच्या दुसऱ्या टोकाच्या होत्या, समोर पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर सगळ्यांना सारखं हसू.

मग भोंगाला बोलावलं. ती अशी चालत गेली की जणू ढाल अजून हातातच आहे. माइक खाली ओढला. तेवढ्यात मागचं दार करकरलं आणि बाबा आत आले. खांद्यावर टॉवेल तसाच, आणि मागोमाग मिशीवाले कप्तान, मिशी एका बाजूने कातरलेली, दुसऱ्या बाजूने जशीच्या तशी. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले.

"माझं म्हणणं आहे की जेट यायला हवीत," भोंगा म्हणाली, खणखणीत. "आमच्या घरात चार माणसं होती, आता तीन आहोत. माझी ताई खूप लांब असते. दोन वर्षांत ती एकदाही घरी आली नाही, कारण—"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दुपारचं विमान.

भोंगा थांबली. आणि काठावरून आलेलं सगळं सभागृहच थांबलं. खोकणारे खोकता खोकता थांबले, पोहणाऱ्या आजींनी शेजारणीच्या कानात सांगायचं वाक्य तसंच तोंडात धरून ठेवलं. फक्त समितीला काही कळेना. अध्यक्षबाईंना वाटलं मुलगी विसरली, त्यांनी मान हलवून धीर दिला. कारकुनाला वाटलं माइक गेला, तो येऊन माइकवर टकटक करायला लागला.

आणि भोंगा त्या "कारण"वर उभी होती. पुढचं वाक्य पाठ होतं तिचं: कारण दोन ठिकाणी विमान बदलावं लागतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच विमान जाईपर्यंत ती नुसती थांबली नव्हती, विचार करत होती. मी दिवसभर विमानातच असते, ताई म्हणाली होती. भोंगाने समोर पाहिलं. सगळ्या डोक्यांच्या पलीकडे बाबांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि ते तिच्याचकडे बघत होते.

आवाज पाण्यावरून लांब गेला. आता त्याच शब्दापासून पुढे.

भोंगाने माइक दोन्ही हातांनी धरला.

"कारण?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

"कारण मी तिला येऊ नकोस म्हणालो," मागून बाबा म्हणाले.

सगळ्या माना मागे वळल्या. बाबांचे कान लालबुंद झाले होते.

"विमान येईल असं वाटलं होतं मला," ते म्हणाले. जे काठावर राहत होते त्यांना एवढ्यातच सगळं कळलं. जे राहत नव्हते ते एकमेकांकडे बघत राहिले.

"हे... हे समितीच्या कक्षेत येत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण प्रेमाने म्हणाल्या. "बाळ, तुझा थोडा वेळ शिल्लक आहे. जेट हवीत की नकोत?"

"आता मला माहीत नाही," भोंगा म्हणाली. आवाज जरा कापला, पण माइक सोडला नाही तिने. "पण एक विचारू? त्या दुहेरी काचा बसवल्यावर आम्ही थांबायचं कधी?"

अध्यक्षबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांनी प्रश्न लिहून घ्यायला सांगितलं. पहिल्या रांगेत आई पदराने डोळे पुसत होती आणि त्याच वेळी हसतही होती.

बाहेर आल्यावर बाबा धक्क्याच्या टोकापर्यंत एकटेच गेले, फोन कानाला लावून. लांबून फक्त त्यांची पाठ दिसत होती. मिशीवाले कप्तान अर्ध्या मिशीने भोंगाच्या शेजारी उभे होते.

"माझी दुसरी बाजू आज होणार की नाही?" त्यांनी विचारलं.

"काका, थांबा ना जरा," भोंगा म्हणाली.

समितीने निर्णय पुढे ढकलला. आणखी अभ्यास करायचा म्हणे, अजून करतायत. ताई मात्र महिनाभरातच आली, दोन ठिकाणी विमान बदलून, शेवटचा टप्पा पंख्याच्या विमानाने. सहा पात्यांचं. भोंगाने गॅलरीतून ओळखलं, आणि पहिल्यांदाच बरोबर ओळखलं!

बाबांनी त्या दिवशी सलून उघडलंच नाही. सकाळपासून घराचं दार सताड उघडं होतं, मिटू नये म्हणून त्याला सलूनमधलं स्टूल लावलेलं. "वारा किती येतोय," आई म्हणाली. "येऊ दे," बाबा म्हणाले. वाजवायला दारच लागू नये, एवढीच त्यांची योजना.

जिन्यावर पावलं वाजली आणि ताई दारात उभी राहिली, बॅग अजून हातातच. कुणीच पुढे होईना. बाबांनी घसा साफ केला. रात्रभर जुळवलेलं वाक्य असणार ते, चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"हे बघ," ते म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो, ते—"

घर्रर्र. तिला सोडून तेच विमान परत निघालं होतं.

चौघंही थांबले. स्वयंपाकघरातली भांडी किणकिणली. ताई उंबऱ्यावर, आई टेबलापाशी, भोंगा गॅलरीच्या दारात, आणि मध्ये बाबा, तोंड अर्धवट उघडं. बाबांकडे बघता बघता ताईचे डोळे भरून आले आणि ओठ मात्र हळूहळू हसायला लागले. विमान पाण्यावरून वर चढलं, लांब गेलं, पार बारीक झालं. सगळे बाबांकडे बघत राहिले.

बाबांनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

"कुठे होतो मी?" ते म्हणाले.

ताईने बॅग खाली ठेवली. "भांडी तुमची," ती म्हणाली, आणि आत आली.