आकारामने नाव पारखली

आष्ट्याच्या बाजारात आकारामने बैलाच्या पाठीवर हात ठेवला की दलाल आपला आवाज खाली आणत. दात न बघता वय सांगणारा माणूस. त्याच्या पारखीवर पंचक्रोशीत कुणी शंका घेत नसे, एक त्याची बायको राहीबाई सोडली तर. ती म्हणे, "ह्यास्नी बैलाचं समदं कळतंय, पोराचं काय बी कळत न्हाई." आणि त्यात खोटं असं काही नव्हतं.

थोरला जोतिबा पलटणीत गेला तो इटलीच्या लढाईत राहिला. उरला धाकटा नाथाजी. सगळा गाव पलटणीत भरती होत असताना हा पठ्ठ्या नेव्हीत गेला, लढाई संपल्यावर धडधाकट परत आला, आणि उसाच्या सरीत उभा राहून समुद्राच्या गोष्टी सांगू लागला. घरच्यांना वाटलं, चार महिन्यांत हे खूळ उतरेल. उतरलं नाही. सत्तेचाळीस सालची दिवाळी झाली आणि त्याने बापाला सांगून टाकलं, एक लहानशी शिडाची नाव घ्यायची, चिपळुणात हळद-गूळ भरायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने थेट मलबार गाठायचा.

"नवी आपल्याला झेपायची न्हाई, आबा. जुनीच बघायची. पर लांबच्या पल्ल्याला टिकणारी पायजे. बघायला तुमी चला."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मी लोखंडाच्या जहाजावर होतो. लाकडाचं तुमाला कळतंय."

आकारामला हसावं की रडावं कळेना. जिच्यावर बसून पोरगं हातचं जाणार, ती आपणच पारखून द्यायची! पण पारखायला बोलावलं आणि आकाराम गेला नाही असं आजवर झालं नव्हतं. शिवाय मनात होतं, दोन-चार नावांना नावं ठेवली की पोरगं आपोआप थंड होईल.

सोबतीला त्याने पीरमहंमदला घेतलं. पीरमहंमद गावचा गाड्या बनवणारा सुतार, आकारामचा लहानपणापासूनचा मैतर.

पहिली नाव सांगलीच्या घाटाला होती, एका ठेकेदाराची. डांबराने अशी चकाकत होती की बघणाऱ्याला तोंड दिसावं. नाथाजीने आत उतरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "बूड सपाट हाय. नदीला ठीक. समुद्रात आडवी लाट आली की पालथी." आकारामने मात्र वेगळंच केलं. बाजारात ज्या बैलाची शिंगं जास्त तेलकट, त्याच्या खुराकडे आधी बघायचं, ही त्याची रीत. त्याने हातातल्या काठीची लोखंडी आर पाण्याखालच्या फळीत टोचली. पिकल्या पपईत जावी तशी ती आत गेली. ठेकेदार तावातावाने बोलायला लागला, तोवर हे तिघे पायऱ्या चढून वर आले होते.

दुसरी नाव साताऱ्यात निघाली. साताऱ्यात नाव कशी, असं लोक विचारत, पण त्यालाही कारण होतं. एका गोऱ्या साहेबाला लढाईच्या दिवसांत वाटलं की जपानी आज नाहीतर उद्या किनाऱ्यावर उतरतात, म्हणून त्याने आपली लाडकी नाव ट्रकवर घालून घाटावर आणली आणि बंगल्याच्या छपराखाली ठेवली. आता राज्य गेलं, साहेब विलायतेला निघाला होता. कपाट, घोड्याचं खोगीर आणि नाव, सगळं मिळेल त्या भावात चाललं होतं.

नाथाजी तिच्याभोवती एक फेरी मारून आला तेव्हा त्याचा चेहराच बदलला होता. पोट रुंद, तळाचा कणा खोल, शीड दोघांच्या हातांना आवरेल एवढंच, आणि झोपायला वरून झाकलेली जागा. "हीच," तो म्हणाला. आकारामने खोट काढायला म्हणून हात फिरवला. आर टोचली, ती गेली नाही. बोटाने वाजवलं, फळी खणखणली. एक फळी, दुसरी, तिसरी. खोट निघेना, आणि नसलेली खोट सांगायला जीभ रेटेना. जन्मभर ज्या जिभेवर लोकांनी बैल विकत घेतले, ती अशी आयत्या वेळी फिरायची कशी?

"लाकूड अस्सल हाय," तो पडेल आवाजात म्हणाला. सौदा झाला.

नाव दोन गाड्या जोडून गावी आणली. चिपळूणला नेण्याआधी कृष्णेत घालून बघायचं ठरलं होतं. सगळा गाव नदीवर लोटला. राहीबाईने नदीला नारळ वाहिला. नाव पाण्यात सरकली, डौलात उभी राहिली, नाथाजी उडी मारून आत बसला, आणि पान चघळून व्हायच्या आत त्याचे पाय घोट्यापर्यंत भिजले. प्रत्येक सांध्यातून पाणी येत होतं. तो घमेल्याने उपसायला लागला, पाणी त्याहून जोरात आत येई. शेवटी चौघांनी ओढून तिला काठाला घेतलं. कुणीतरी म्हणालं, "आकाराम, ही चाळण हाय का नाव?" आणि गाव पोट धरून हसला. त्यांनाही अशी संधी वर्षानुवर्षं मिळाली नव्हती.

नाथाजी हसला नाही. ओल्या धोतराने बापाच्या शेजारी येऊन बसला. "चूक तुमची न्हाई, आबा. माझंच खूळ. भोक ते भोक, ते काय आपसूक बुजतंय व्हय?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "ऱ्हाऊ दे. उद्यापास्नं मी औत धरतो."

हेच शब्द ऐकायला आकाराम दोन वर्षं तळमळत होता. त्याने समोर बघितलं, तर पीरमहंमद त्याच्याकडे टक लावून बघत उभा.

दोघांनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात गाडीचं चाक सुकतं, आरे खुळखुळतात, लोखंडी धाव निसटायला होते. तेव्हा गावात कुणी नवीन चाक करत नाही. जुनंच डोहात बुडवून ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि चाक पुन्हा घट्ट होतं. साहेबाची नाव वर्षानुवर्षं छपराखाली कोरडी पडली होती. तिला दुसरं काही झालं नव्हतं. पोर लहान वयात बाहेर पडलं, आणि लोखंडाच्या जहाजाने त्याला हे विसरायला लावलं होतं.

पीरमहंमद जवळ आला, हळूच म्हणाला, "बोल की. पोरगं तुझं हाय, मी न्हाई बोलायचा."

आकारामने काठी उचलून वाट धरली. घरी आला, जेवायला बसला. नाथाजीने भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. राहीबाई वाढता वाढता म्हणाली, "ऱ्हातोय म्हणं त्यो. देवच पावला."  बाजारात चांगल्या बैलाला लंगडा म्हणून भाव पाडणारे दलाल आकारामने आयुष्यभर शिव्या देऊन हाकलले होते. आणि आज तो स्वतः तेच करत होता, तेही पोटच्या पोराशी. त्याला स्वतःची किळस आली. तो ताटावरून उठला.

"नाथा, चल नदीला. दगडं भरायची हायती."

"कशात?"

"तुझ्या नावंत. बुडवायची हाय तिला."

वाटेत त्याने सगळं सांगितलं. नाथाजी ऐकता ऐकता पळायलाच लागला. पीरमहंमद नदीवर आधीच होता. तिघांनी दगड भरून नाव डोहात बसवली आणि आठवडी बाजार होऊन गेल्यावर दगड काढले, पाणी उपसलं, पीरमहंमदने उरलेल्या दोन फटींत काथ्या ठोकला, आणि पाण्यावर तरंगत ठेवूनच तिला आतून दोन दिवस वाळू दिलं. या खेपेला गाव हसायला आला नव्हता.

नाथाजीने शीड चढवलं. "आबा, बसा."

जन्मात गुडघाभर पाण्यापुढे न गेलेला आकाराम नावेत बसला. वारा भरला, काठ मागे गेला. 

"आबा," नाथाजी म्हणाला, "तुमी गप ऱ्हायला असता, तर मी गेलो नसतो."

"व्हय. म्हाईत हाय."

आकारामने वाकून तळाच्या फळीवर हात ठेवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. थेंबभरही ओल नव्हती.

"कोरडी हाय रं," तो म्हणाला, आणि मग मात्र त्याला रडू आवरेना.