पावतीवरचं सोनं

सराफी दुकानात गिऱ्हाईक शिरलं की शेठची नजर आधी त्याच्या पायांकडे जायची. बूट असले की "या, बसा!" आणि झिजक्या चपला असल्या की "काय पाहिजे?" हसू नका. ही नजर तुमच्याआमच्यातही थोडीफार आहेच. मास्तरांनाही ती लागली होती.

मास्तर म्हणजे त्या दुकानातले सोनं पारखणारे. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि रेघ टिकते की विरते, ते पाहून कस सांगायचा. एकोणीस वर्षं हेच काम. हात पक्का, तोंड बंद.

त्या दुपारी दवाखान्यातली आया आली. सगळे तिला मावशी म्हणत. मुलीला परिचारिकेची नोकरी लागली होती, म्हणून आपल्या दोन बांगड्या मोडून तिला गळ्यातलं करायचं होतं. शेजारच्या खुर्चीवर एक साहेब बसले होते. त्यांनी मोडायला आणलेली साखळी शेठनी नुसती वजनकाट्यावर ठेवून "वा!" म्हटलं होतं.

मावशीच्या बांगड्या मात्र शेठनी चिमटीत धरल्या. "कुणाच्या आहेत?"

"माझ्या. तुमच्याच दुकानातल्या. ही पावती, आणि आतल्या बाजूला तुमचाच शिक्का."

"मास्तर, कस लावा. चकाकतं ते सगळं सोनं नसतं, बाई."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली. "दुकानही चकाकतंच आहे की! लावा कस, माझी ना नाही. पण त्यांच्या साखळीलाही लावा. दगडाला माणूस कळत नाही, सोनं तेवढं कळतं."

शेठ गोरेमोरे झाले. साहेब मात्र म्हणाले, "रास्त बोलल्या. लावा माझ्याही साखळीला."

मास्तरांनी दोन्ही रेघा शेजारी शेजारी ओढल्या आणि थेंब सोडला. साखळीची रेघ जशीच्या तशी राहिली. बांगडीची बघता बघता फिकी पडली.

"बघा!" शेठ टाळी वाजवत म्हणाले. "अठरा कॅरटच्या वर कस नाही!"

मावशीचा चेहरा क्षणभर उतरला. दहा वर्षं रात्रपाळ्या करून घेतलेल्या बांगड्या होत्या त्या. मग तिनं पावती काचेवर आपटली. "इथं बावीस लिहिलंय. माझं सोनं खोटं नाही, शेठ. तुमची पावती खोटी आहे!"



"मास्तर," शेठ हळूच म्हणाले, "हात चुकला असेल. दगड पुसा, परत घासा."

मास्तरांच्या हातात फडकं होतं. खालच्या खणातला हलक्या कसाचा माल कुणासाठी असतो, हे त्यांना ठाऊक होतं. जे विचारणार नाहीत त्यांच्यासाठी. त्या खणातला एकही दागिना कधी त्यांच्या दगडापर्यंत आला नव्हता आणि त्यांनीही तो कधी मागितला नव्हता.

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "हात चुकला नाही, शेठ. इतकी वर्षं गप्प बसलो, ते चुकलं!" आणि त्यांनी खालचा खण ओढून सगळ्यांसमोर उघडा केला.

"नोकरी जड झाली का?" शेठ गरजले.

"चोर तो चोर, वर शिरजोर! ठेवा तुमची नोकरी तुमच्यापाशी."

साहेबांनी साखळी उचलून खिशात टाकली आणि ते चालते झाले. मावशी मात्र त्या रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसली. "मला दया नको. पावतीत लिहिलंय तेवढं सोनं द्या. मिळेपर्यंत मी उठत नाही."

आणि ती उठली नाही! बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत दारात दवाखान्यातल्या बायका जमल्या, प्रत्येकीच्या हातात तिची तिची पावती. शेवटी शेठनी मावशीला बावीस कॅरटचं गळ्यातलं दिलं. ते पस्तावून नव्हे, भिऊन दिलं. तेही चालेल.

मास्तरांनी भाजीबाजाराच्या तोंडाशी कस लावून द्यायला स्वतःचं टेबल मांडलं. पहिले काही दिवस माणसं लाजतच येत. "आमच्या ओळखीतले सराफ आहेत हो, संशय कसा घ्यायचा?" म्हणत. मास्तर सांगत, "अहो, खरं असेल तर सराफाचंच नाव होईल. तपासू म्हटल्यावर जो चिडतो, त्याचंच आधी तपासावं."

म्हणून मंडळी, आपल्या घामाचं सोनं घेताना भिडेला बळी पडू नका. कस विचारण्यात अपमान नाही. आपल्याला विचारता येणारच नाही, असं कुणी गृहीत धरावं, हा खरा अपमान! तो मुकाट्यानं सोसू नका.