मधल्या सुट्टीची रेघ

“रूपराव काका, खरं सांगा. दुपारी दीड वाजता इथं कोण पळतं?”

विद्यापीठातून आलेल्या रंजिता मॅडमनी लॅपटॉप पुढे केला. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती. दीडला मात्र तिला काटे फुटले होते. काल, परवा, महिनाभर रोज.

“मी एकटाच असतो, मॅडम. मांजर बी फिरकत नाई.”

“ही मांजराची पावलं नाहीत. पंधरा-वीस जण आहेत. लहान.”

आर्वीकडच्या या खेड्यातल्या शाळेत विद्यापीठाने जमिनीचे हादरे टिपणारं यंत्र बसवलं, तेव्हा पोरांनी भोवती उड्या मारून रेघ नाचवली होती. पुढे पट अठरावर आला, महिन्यापूर्वी शाळा बंद झाली, पोरं गाडीने शेजारगावच्या शाळेत जाऊ लागली. यंत्र इथेच राहिलं. रिकाम्या इमारतीइतकी शांत जागा दुसरी नव्हती. त्याची रेघ तिकडच्या वर्गात दिसे, तीच पोरं तिच्यावरून भूकंप शिकत. यंत्र होतं म्हणून इमारत उघडी होती, आणि किल्ली तीस वर्षं शिपाई असलेल्या रूपरावांच्या कमरेला होती.

“रेघ अशीच खराब राहिली तर सोमवारी यंत्र उचलावं लागेल, काका.”

“मंग इथं काय उरते? कुलूप.” रूपराव घुटमळले. “एक सांगतो, हासू नोका. मी अजून मधल्या सुट्टीची घंटा वाजवतो. टैमावर.”

“कोणासाठी?”

“हातासाठी. सवय हाये त्याले.”

रंजिता हसलीच. “घंटेचा एकच काटा येईल. तरी आज वाजवू नका, बघू.”

दीड वाजला. रूपराव हात काखेत दाबून बसले. रेघ हलली नाही. पावणेदोनला रंजिता म्हणाली, “आता वाजवा.”

तीन टोल पडले. उन्हाने पांढऱ्या पडलेल्या पटांगणात चिटपाखरू नव्हतं. पडद्यावर आधी एक बारीक काटा उठला. मग एकामागून एक, घाईघाईने, कितीतरी. रंजिताने फरशीवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

रूपरावांना भीती वाटली नाही. ती धावपळ त्यांच्या ओळखीची होती.

“त्या शेवटच्या दिवशी मधल्या सुट्टीतच गाडी आली,” ते हळू म्हणाले. “पोरं खेळून राह्यली होती. तशीच भरली. शाळा सुटल्याची घंटा मी वाजवलीच नाई.”

“मग?”

“मंग काय! सुट्टीतच हायेत अजून. घरी जा म्हून त्याइले सांगतलं कोनं?”

“हे मी अहवालात कसं लिहू, काका?”

“लिहू नोका. बसा चूप.”

घंटेजवळ ते बराच वेळ उभे राहिले. रोजचा तेवढा पाव तास आपण या इमारतीत एकटे नसतो, हे त्यांना आज कळलं होतं. आणि आजच ते संपवायचं होतं.

त्यांनी शाळा सुटल्याची घंटा दिली. लांब, न थांबता, घणघण.

पडदा काट्यांनी भरून गेला. मग काटे लहान होत गेले, माणसं लांब जात जावीत तसे. शेवटी एकच उरला, थांबत थांबत येणारा. तोही विरला.

“साफ झाली,” रंजिता कुजबुजली. “यंत्र राहील, काका.”

“राहू द्या.”

ते खोलीत येऊन भिंतीला टेकून बसले. रेघ सरळ चालली होती. तिच्यावर आपला ओरखडा उठू नये म्हणून त्यांनी पाय हळूच पोटाशी ओढून घेतले.